मशीन खाली, मी वर

मी रोबो चालवतो असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे नीट बघून घेतात. मिशा पांढऱ्या होत चाललेल्या, हाताची कातडी जाड, बोलण्यात खानदेशी हेल. मग विचारतात, "कुठल्या कंपनीत?" त्यांना वाटतं, जळगावच्या एमआयडीसीतला एखादा कारखाना असेल. माझा मेहुणा तिथे चटईच्या कारखान्यात आहे. त्यांच्याकडे गठ्ठे उचलून रचणारा यंत्राचा हात आला आहे, त्यामुळे रोबो या शब्दाचं आता आमच्याकडे कुणाला फार नवल राहिलेलं नाही. मी सांगतो, "माझा रोबो गटारात जातो." यावर काही जण हसतात, काही विषय बदलतात. एखादाच खुर्ची पुढे ओढतो आणि म्हणतो, "सांगा बरं, कसं ते." हे त्याच्यासाठी.

आमचं गाव शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. शेती पावसावरची. ज्वारी, थोडा कापूस, बांधावर तूर. पाऊस संपला की गावात हाताला काम नसायचं. म्हणून मी आणि माझा मोठा भाऊ धुळ्याला आलो. मी त्याला भाऊच म्हणतो. आधी आम्ही बांधकामावर होतो. मग एका ठेकेदाराने विचारलं, शौचालयाच्या टाक्या आणि गटाराची चेंबरं साफ करायचं काम आहे, कराल का? भाऊने रात्रभर विचार केला आणि सकाळी मला म्हणाला, "आपन गावले विहिरीमा उतरतसच ना. तसंच समजनं."

तसं अजिबात नव्हतं. विहिरीत वर बघितलं की आभाळ दिसतं आणि खाली पाणी असतं. चेंबरमध्ये वर बघायची सोय नसते, कारण वरून काहीतरी ठिबकत असतं, आणि खाली काय आहे ते पायाला कळतं, डोळ्यांना नाही. उतरायच्या आधी आम्ही अंगाला खोबरेल तेल चोळायचो, म्हणजे नंतर धुताना घाण लवकर सुटते. बरोबरचे काही जण वासासाठी म्हणून दारू घेऊनच उतरायचे. भाऊ घ्यायचा नाही. त्याचं म्हणणं, झाकण उघडून बराच वेळ थांबायचं आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही. ठेकेदार कुरकुर करायचा की यात फार वेळ जातो. बाकीचे चेष्टा करायचे, की गाय बांधतात तसा हा स्वतःला बांधून घेतो.

त्या दोरानेच तो वाचला.

हायवेवरचं एक जेवणाचं हॉटेल होतं. उन्हाळ्यातली दुपार. मागच्या बाजूची टाकी तुंबली होती आणि मालकाला संध्याकाळच्या गिऱ्हाइकाआधी ती रिकामी हवी होती. मी आधी उतरायला निघालो तर भाऊने मला मागे सारलं. "थांब, मी दखस आधी." आधी मी बघतो म्हणून तो उतरला. खांद्यापर्यंत दिसत होता, मग डोकं दिसेनासं झालं. मी वरून बादली सोडली. आतून आवाज नाही. मी हाक मारली. दुसरी मारली. मग पाण्यात काहीतरी जड पडल्यासारखा आवाज आला.

मी काठावर बसून पाय आत टाकलेसुद्धा होते. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या कमरेला मिठी मारली. जेवायला थांबलेला एक ट्रक ड्रायव्हर होता. धिप्पाड माणूस. तो ओरडत होता, "अरे, तू गेलास तर तुला कोण काढणार? दोर ओढ, दोर!" मी, तो आणि त्याचा क्लीनर, तिघांनी मिळून भाऊला वर ओढलं. वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. ड्रायव्हरने ट्रक तसाच उभा ठेवला आणि हॉटेलच्या जीपमधून आम्हाला धुळ्याच्या दवाखान्यात पोचवलं. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. निघताना तो एवढंच म्हणाला, "तुझा भाऊ शहाणा आहे, दोर बांधला होता."

भाऊ वाचला, पण त्याची छाती पूर्वीसारखी राहिली नाही. जिना चढला की बसावं लागतं. त्याने ते काम सोडलं आणि धुळ्यात हातगाडी लावली. फैजपूरकडची केळी येतात, ती तो विकतो. मी मात्र तेच काम करत राहिलो. मला दुसरं काही येत नव्हतं, हे एक. आणि दुसरं असं की मी नाही उतरलो तर ठेकेदार तिसऱ्या कुणाला तरी उतरवणार आणि तो दोर बांधेल याची काही खात्री नव्हती. भाऊचे दोन्ही नियम मी पुढे चालवले. नंतर मी जळगावला सफाईच्या एका एजन्सीत लागलो. तिथले मालक जरा बरे होते. हातमोजे द्यायचे, बूट द्यायचे. पण उतरायचं ते माणसानेच.

एके दिवशी मालकांनी सगळ्यांना गोदामात बोलावलं. मधोमध ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं. ताडपत्री काढली तर लोखंडी तिपाई, तिच्यावर मोठा डबा, डब्याला स्क्रीन, आणि तिपाईच्या मधे दोराला लटकलेलं एक यंत्र, ज्याचे पाय कोळ्यासारखे दुमडलेले. पुढे एक हात, हाताला पंजा. मालक म्हणाले, "आता कुणी चेंबरमध्ये उतरायचं नाही. हे उतरेल."

आमच्यात चुळबुळ झाली. माझ्या शेजारी उभा असलेला एक जुना सहकारी हळूच म्हणाला, "म्हणजे आपण घरी बसायचं." मला मेहुण्याचं बोलणं आठवलं. त्यांच्या कारखान्यात तो यंत्राचा हात आला तेव्हा गठ्ठे रचणारी माणसं दुसऱ्या खात्यात गेली होती आणि काही जण गेले ते परत दिसलेच नाहीत. ज्या कामाचा मला वीट आला होता, तेच काम जाईल म्हणून मी घाबरलो होतो. माणसाचं मन असं असतं.

यंत्राबरोबर पुण्याहून एक इंजिनिअर मॅडम आल्या होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आमची कुजबुज ऐकली असावी. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "हे यंत्र आपोआप काम करत नाही. ते कुणीतरी चालवावं लागतं. आमच्या कंपनीची अट आहे, जो आजवर खाली उतरत होता त्यालाच आधी शिकवायचं. कोण पुढे येणार?"

कुणी पुढे येईना. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मॅडम, मी दहावी नापास आहे. इंग्रजी येत नाही."

"स्क्रीन मराठी करून देते," त्या म्हणाल्या. "अजून काय अडचण आहे?"

अजून काही अडचण मला सुचली नाही. म्हणून मी शिकलो.

गोदामाच्या मागे मोकळ्या जागेत एक कोरडा खड्डा होता. त्यात मॅडमनी प्लास्टिकची पाण्याची बाटली ठेवली आणि सांगितलं, पंजाने ती उचलून वर आणायची. दाबायची नाही. मी जॉयस्टिक हातात घेतली आणि बाटलीचा चुरा केला. दुसरी बाटली आली, तिचाही. माझ्या हाताला फावडं माहीत होतं, पहार माहीत होती. एवढीशी काडी बोटात धरून काम करायचं त्याला माहीत नव्हतं. दिवसभरात माझ्यामुळे खड्ड्याशेजारी चेपलेल्या बाटल्यांचा ढीग झाला. घरी गेलो तो वैतागून. बायकोला म्हणालो, "माझ्याच्याने नाही व्हायचं."

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "बैल नवा होता तेव्हा पहिल्या दिवशी सरळ चालला होता का?"

तिने सहज म्हटलं, पण मला त्यातून सापडलं. लहानपणी वडलांनी मला औत धरायला शिकवलं होतं तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, कासरा ओढायचा नाही, नुसता ताठ ठेवायचा, बैलाला कळतं. दुसऱ्या दिवशी जॉयस्टिक तशी धरली. ओढली नाही, नुसती कळू दिली. पंजा बाटलीजवळ गेला, मिटला आणि थांबला. बाटली वर आली तेव्हा तिच्यातलं पाणीही सांडलं नव्हतं. मॅडमनी टाळी वाजवली. मागे उभा असलेला तो जुना सहकारी पुढे सरकला आणि म्हणाला, "बघू, मला दे." त्या दिवसानंतर घरी बसायची भाषा आमच्यात कमी झाली. सगळे टिकले असं मी म्हणणार नाही. दोघं-तिघं दुसऱ्या कामाला निघून गेले, त्यांना स्क्रीनपुढे बसणं जमेना. पण जे थांबले ते आज गाडी, पंप, यंत्र, काही ना काही चालवतात आणि त्यातला एकही आत उतरत नाही.

पहिलं खरं काम जळगावात भाजीबाजाराजवळच्या एका गल्लीत होतं. तिथलं चेंबर मला पाठ होतं, मी त्यात कितीतरी वेळा उतरलो होतो. तिपाई उभी केली, झाकण काढलं, यंत्र खाली सोडलं. यंत्राने पाय फाकवून भिंतीला टेकवले आणि कॅमेरा सुरू झाला. मी स्क्रीनकडे बघत राहिलो.

इतकी वर्षं ज्या जागेत मी उतरत होतो ती जागा मी पहिल्यांदा पाहत होतो. आत असताना डोळे मिटलेलेच असायचे. उघडले तरी अंधार. स्क्रीनवर भिंतीची विटांची बांधणी दिसली. जुनी, पण एकेक वीट नीट बसवलेली, खाली नळाच्या तोंडावर सुबक कमान. कुणा गवंड्याने कुणी कधी बघणार नाही अशा जागी ती कमान घडवली होती. मी शेजारच्या सहकाऱ्याला म्हणालो, "बघ, किती सफाईने केलंय." तो म्हणाला, "आधी गाळ काढ." मी गाळ काढायला लागलो. पंजा भरून वर यायचा, शेजारच्या ड्रममध्ये रिकामा व्हायचा, परत जायचा. चिंध्या, प्लास्टिक, नारळाच्या शेंड्या, एक पूर्ण उशी.

गल्लीत गर्दी जमली होती. भाजीवाल्या बायका टोपल्या तशाच सोडून आल्या होत्या. तिथे एक चहाची टपरी आहे. मी चेंबरमधून बाहेर आलो की त्या टपरीवाल्याने कधी मला जवळ येऊ दिलं नव्हतं. त्याचं चुकत होतं असंही नाही, माझ्या अंगाला येणारा वास मलाही सहन व्हायचा नाही. प्लास्टिकच्या कपात चहा ओतून तो कप टपरीच्या कोपऱ्यावर ठेवायचा आणि मागे सरायचा. त्या दिवशी तो माझ्या खांद्याजवळ येऊन स्क्रीनमध्ये डोकं घालत होता. थोड्या वेळाने तो काचेचा ग्लास घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, चहा."

मी मागे वळून पाहिलं, कुठला साहेब आलाय ते. मागे कुणी नव्हतं.

घरी पोचलो तर बायको दारात उभी. आमच्याकडे रोजचा शिरस्ता असा होता की मी मागच्या बाजूने यायचं, दगडावर आंघोळ करायची, कपडे तिथेच भिजवायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचं. मी त्या दिवशी पुढच्या दाराने आलो, सकाळी घातलेल्या शर्टात. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "कामावर नाही गेले का? काढलं का त्यांनी?"

"गेलो होतो."

"मग?"

मी हात पुढे केला. तिने माझा हात नाकाजवळ नेला, वास घेतला आणि आत निघून गेली. मला वाटलं, चहा ठेवायला गेली असेल. बऱ्याच वेळाने आत गेलो तर ती चुलीशी नुसती बसली होती, पदर डोळ्यांना लावून.

काही महिन्यांनी भाऊ धुळ्याहून आला, खास यंत्र बघायला. एसटी स्टँडवरून मी त्याला मोटारसायकलवर घेऊन आलो. आमचं काम एका शाळेच्या बाजूला चाललं होतं. मी त्याला स्क्रीनपुढच्या माझ्या खुर्चीवर बसवलं. स्क्रीनवर काळं पाणी हलत होतं, पंजा त्यात बुडत होता, वर येत होता. त्याच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

"दिसस बठ्ठं," सगळं दिसतं, असं तो शेवटी म्हणाला. "पन वास येस नही."

"नही येत."

"आनि गॅस?"

मी त्याला कोपऱ्यातला आकडा दाखवला. आत विषारी वायू असेल तर हा आकडा लाल होतो आणि भोंगा वाजतो, यंत्र खाली जायच्या आधीच कळतं. भाऊने त्या आकड्यावर बोट ठेवलं. काच आहे हे विसरून त्याने तो हळूच पुसलाही. मग मला म्हणाला, "दे, मी दखस चालाईसन." मी जॉयस्टिक त्याच्या हातात दिली. मला शिकायला जेवढा वेळ लागला त्याच्या अर्धाही त्याला लागला नाही. पहिल्याच खेपेला पंजा भरून वर आला आणि भाऊ हसायला लागला. हसता हसता खोकला आला, तरी हसत राहिला. शाळेचा शिपाई फाटकात उभा राहून बघत होता. त्याला भाऊने ओळख ना पाळख असताना मोठ्याने सांगितलं, "हाऊ मन्हा धाकला भाऊ शे!"

माझं लग्न झालं तेव्हा, मुलगी झाली तेव्हा, भाऊने मला कधी असं जगाला दाखवलं नव्हतं.

आता जे सांगतो ते त्यानंतरचं. जळगावच्या एका नव्या वस्तीतली सोसायटी होती. त्यांची टाकी तुंबून पाणी पार्किंगमध्ये आलं होतं. आम्हाला बोलावणं आलं, पण आमची गाडी वाटेत पंक्चर झाली. मी मागून मोटारसायकलवर येत होतो, तो पुढे गेलो, जागा बघून ठेवावी म्हणून. तिथे पोचलो तर टाकीचं झाकण उघडं आणि काठावर दोन माणसं उघड्या अंगाने बसलेली, हाताला तेल चोळत. मजूरनाक्यावरून आणलेली. तेलाचा तो वास आला आणि मला एकदम हॉटेलमागची दुपार आठवली.

सोसायटीचे चेअरमन तिथेच उभे होते. मी त्यांना म्हणालो, "साहेब, मशीन येतंय. यांना थांबवा."

"किती वेळ वाट बघायची? उद्या इथे माझ्या मुलीच्या हळदीचा मांडव पडणार आहे. हे लोक आत्ता करून देतात."

"कायद्याने बंदी आहे साहेब, माणूस उतरवायला."

"तुम्ही मशीनवाले आहात ना? मशीन आणा. कायदा मला नका शिकवू."

मी त्यांचा नाद सोडला आणि त्या दोघांकडे वळलो. एकाच्या बोलण्यावरून कळलं की ते आमच्याच भागातले. मी विचारलं, "तुम्हनं गाव कोनतं, भाऊ?" त्याने सांगितलं. सातपुड्याच्या पायथ्याचंच, आमच्या गावाहून फार लांब नाही.

"आधी कधी उतरना का?"

"नही. पोटकरता करना पडस."

"कमरले दोर कथा शे?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. दोर नव्हता.

मी टाकीच्या काठावर जाऊन बसलो, त्या दोघांच्या आणि टाकीच्या मधे. मी त्यांना म्हणालो, "मन्हा भाऊ असाच उतरना व्हता. दोर व्हता म्हनीसन वाचना. आज बी त्याले जिना चढता येस नही. तुम्हले उतरनं व्हई तर पहिले माले उठाडा आठेन." म्हणजे आधी मला इथून उठवा, मग उतरा.

ते दोघं एकमेकांकडे पाहू लागले. चेअरमनचा आवाज चढला. "तुमच्या मालकाला फोन लावतो. उठा तिथून." मी उठलो नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच. गॅलरीतून लोक नुसते बघत होते. मग तळमजल्यावरच्या एका घरातून एक म्हाताऱ्या काकू बाहेर आल्या. हातात प्लास्टिकची खुर्ची. त्यांनी ती माझ्याजवळ ठेवली आणि म्हणाल्या, "जमिनीवर कशाला बसतोस? यावर बस." मग चेअरमनकडे वळून म्हणाल्या, "गाडी येऊ दे त्यांची. हळद काय, पुढच्या गल्लीतल्या मैदानातही होते."

गाडी आली. आम्ही यंत्र उतरवलं, तिपाई लावली. मी सगळ्यात आधी फक्त वायू मोजायची नळी खाली सोडली. ती अर्ध्यावरही पोचली नसेल तर भोंगा वाजायला लागला. कर्कश आवाज आहे त्याचा. पार्किंगच्या छताला आपटून तो दुप्पट झाला. स्क्रीनवरचा आकडा लालभडक. मी बाजूला सरलो, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

दोघांतला एक जण टाकीपासून मागे सरला. चेअरमन स्क्रीनकडे पाहत राहिले, मग टाकीकडे, मग त्या दोघांकडे. "मला... मला खरंच माहीत नव्हतं," ते म्हणाले. मी म्हणालो, "आम्हालाही पूर्वी माहीत नसायचं साहेब." त्या माणसाला लाजवायची मला इच्छा नव्हती. मुलीच्या लग्नाच्या घाईत होता बिचारा. आम्ही पंख्याने हवा सोडली आणि काम सुरू केलं. चेअरमन शेवटपर्यंत तिथून हलले नाहीत. त्यांनी त्या दोघांना दिवसाची मजुरी दिली आणि काकूंच्या घरात जेवायलाही बसवलं. संध्याकाळी टाकी रिकामी झाली तेव्हा मांडववाले बांबू घेऊन दारात आलेच होते.

मालकांना फोन गेला होता खरा. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मी मनाची तयारी करून गेलो. ते म्हणाले, "त्या दोघांचा पत्ता आहे का तुझ्याकडे? आपल्याला दुसरं मशीन घ्यायचंय, माणसं लागतील." मी उभाच होतो, तर ते म्हणाले, "अरे, बस की." त्यांच्या केबिनमध्ये त्या दिवशी मी पहिल्यांदा बसलो. त्या दोघांपैकी एक आला. दुसऱ्याला शहर नको होतं, तो गावाला परत गेला. जो आला त्याला मी शिकवलं. त्यानेही सुरुवातीला बाटल्यांचा चुरा केला.

आता एजन्सी मला धुळ्यालाही पाठवते, नव्या माणसांना शिकवायला. मी फळ्यापुढे उभा राहतो तेव्हा अजून अवघडतो. खडू हातात धरायची सवय नाही. पण समोर बसलेल्यांचे हात बघितले की बोलायला जमतं. कुणाचे हात माझ्यासारखेच असतात, जाड कातडीचे, नखं गेलेले. त्यांना मी कासऱ्याचं सांगतो. शहरात वाढलेल्यांना कासरा माहीत नसतो, मग त्यांना सांगतो, झोपलेल्या लेकराच्या हातातून खेळणं काढून घेता ना, तसं.

गेल्या हंगामात मी धरणगावकडे माझ्या मावसकाकांच्या शेतावर गेलो होतो. कापूस कमरेएवढा वाढला होता आणि त्या दिवशी ड्रोनने फवारणी करायची होती. मला वाटलं, कुणी पोरसवदा माणूस येईल. आली ती एक बाई, तिशीतली, नऊवारी नाही पण चापूनचोपून नेसलेली साडी, पायात बूट. छोट्या टेम्पोतून तिने ड्रोन उतरवला, औषध भरलं आणि बांधावर उभी राहून तो वर उडवला. मी तिच्या हातांकडे बघत होतो. तिचे अंगठे कुठे आहेत, किती दाबतात. ड्रोन कपाशीवरून सरळ गेला, टोकाला वळला, परत आला. एकही ओळ सुटली नाही.

बॅटरी बदलायला ती थांबली तेव्हा मी जवळ गेलो. "ताई, वारा आला की काय करता?"

तिने चमकून पाहिलं. "तुम्ही उडवता का?"

"नाही. माझं खाली जातं." मी तिला सांगितलं. तिने कपाळाचा घाम पुसला आणि टेम्पोच्या पायरीवर बसली. मग आम्ही बोलत राहिलो. ती विचारत होती, पाण्याची ओढ असली की तुमचं यंत्र भिंत कशी धरतं? मी विचारत होतो, तारा आडव्या आल्या तर? ती म्हणाली, तिचा नवरा पाठीवर पंप घेऊन फवारायचा आणि रात्री उलट्या करायचा, म्हणून ती शिकली. मी भाऊबद्दल सांगितलं. तिने अंगठा पुढे केला. अंगठ्याच्या बुडाशी, जॉयस्टिक टेकते तिथे, एक छोटा घट्टा होता. मी माझा दाखवला. अगदी त्याच जागी.

मावशी शेंगा घेऊन आल्या होत्या. त्या आमच्या दोघांच्या अंगठ्यांकडे बघून म्हणाल्या, "काय दखी राहिनात तुम्ही?"

"काम," ती बाई म्हणाली आणि हसली. मग बॅटरी बसवून उठली. शेजारच्या शेताला उशीर होत होता. जाताना तिने टेम्पोच्या खिडकीतून विचारलं, "आमच्या गावात या ना एकदा ते घेऊन. आमच्याकडे अजून माणसं उतरतात."

"सरपंचांना सांगून ठेवा," मी म्हणालो. "मी येतो."

टेम्पो धुळीत गेला. मी बांधावर बसून शेंगा सोलत राहिलो आणि मालकांना फोन लावला.